अधिवेशन नसताना आपत्ती आली, तर सरकार खर्च कोणत्या अधिकाराने करते?

प्रश्न असा आहे: विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना अतिवृष्टी, पूर किंवा साथ आली तर राज्य सरकार मंजुरीशिवाय खर्च करू शकते का? करत असेल तर पैसे कुठून, किती, आणि तुटीच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेचे काय होते? खालचे उत्तर महाराष्ट्रापुरते आहे. संविधानातली कलमे सगळ्या राज्यांना सारखीच लागू आहेत, पण निधीचे आकार आणि कार्यपद्धती राज्यागणिक बदलते.

विधिमंडळाची मंजुरी कुठल्याच खर्चाला सुटत नाही. आपत्तीत फक्त ती काही ठरावीक वाटांनी नंतर घेता येते. या वाटा चार-पाच आहेत आणि प्रत्येकीची मर्यादा व हिशेब पुरा करायची रीत वेगळी आहे. बातमीत मात्र सगळ्यांची मिळून ‘सरकारकडून अमुक कोटी मंजूर’ अशी एकच ओळ होते.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या काढू, कारण चर्चेत त्या हमखास एकमेकींत मिसळतात. एक म्हणजे खर्चाचा अधिकार. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे कर, कर्ज वगैरे जमा जिथे येते त्या मुख्य निधीतून, पैसा काढायचा तर कलम २०४ आणि २६६(३) प्रमाणे विनियोजन कायदा, म्हणजे खर्चाला विधिमंडळाने कायद्याने दिलेली परवानगी, लागतो. दुसरी गोष्ट रोकड, म्हणजे रिझर्व्ह बँकेतल्या सरकारी खात्यात त्या दिवशी किती पैसे आहेत. तिसरी, तुटीची आणि कर्जाची मर्यादा. खात्यात हजारो कोटी पडून असले तरी त्या लेखाशीर्षावर (खर्चाच्या त्या सदरावर) तरतूद नसेल तर कोषागार देयक पास करणार नाही. उलट तरतूद भरपूर आणि रोकड नाही, असेही होते. अधिवेशन नसताना आलेल्या आपत्तीत खोळंबा बहुतेक वेळा रोकडीचा नसतो, अधिकाराचा असतो.

पहिली वाट: आधीच केलेली तरतूद

पूर आला की लगेच आकस्मिकता निधीला (अचानक आलेल्या खर्चासाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेला) हात घालतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. सुरुवातीचा खर्च अर्थसंकल्पात आधीच असलेल्या तरतुदीतून होतो. महसूल व वन विभागाची मागणी (विधानसभेपुढे मतासाठी मांडलेला खर्चाचा गट) क्रमांक सी-६, मुख्य लेखाशीर्ष २२४५, ‘नैसर्गिक आपत्तीच्या निवारणार्थ सहाय्य’ ही ती जागा. तिच्यामागे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी उभा असतो. तो आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४८ खाली स्थापन झालेला आहे. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगाने प्रतिसाद आणि सौम्यीकरण (आपत्तीची झळ आधीच कमी करणे) असे दोन भाग केले, ८० आणि २० टक्के. २०२०-२१ साठी महाराष्ट्राच्या वाट्याला दोन्ही मिळून ४,२९६ कोटी रुपये आले, देशात सर्वांत जास्त.

या निधीची लेखापद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे कळत नाहीत. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून राज्याच्या हिश्शासह तो लोकलेख्यातल्या (एकत्रित निधीबाहेरच्या ठेवी व राखीव निधींच्या हिशेबातल्या) ८१२१ या शीर्षाकडे वळवला जातो. हे वळवणे हासुद्धा कागदावर खर्चच, म्हणून त्याला विधानसभेची मंजुरी लागते. पुढे प्रत्यक्ष मदत वाटली की तो खर्च २२४५ च्या उपशीर्षांखाली पडतो आणि तेवढीच रक्कम निधीतून आली असे दाखवणारी वजावटीची नोंद होते. मागणी नेहमी ढोबळ रकमेची मांडावी लागत असल्यामुळे एकच रुपया मागणीत दोनदा दिसतो. पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमांच्या) बातम्यांत ढोबळ आकडा आणि ‘निव्वळ भार’ वेगवेगळे छापून येतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. जुलै २०२५ च्या पुरवणी मागण्या ५७,५०९ कोटींच्या होत्या आणि निव्वळ भार साधारण ४०,६४५ कोटींचा. मोठा आकडा पाहून तूट तेवढ्याने वाढली असा निष्कर्ष काढला की गणित तिथेच चुकते.

या निधीवर मर्यादा तीन बाजूंनी येतात. एक, आपत्ती अधिसूचित यादीतली हवी: पूर, चक्रीवादळ, अवर्षण, गारपीट, दरड, ढगफुटी, भूकंप, आग, कीड, थंडीची लाट वगैरे. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींवर, उदाहरणार्थ वीज पडणे, राज्याने ती स्वतः जाहीर केली असेल तर वर्षाच्या वाट्याच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. दोन, दर ठरलेले आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठी ३३ टक्के किंवा जास्त पीकनुकसानीला कोरडवाहूसाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५००, तेही २ हेक्टरपर्यंत. मृताच्या वारसांना ४ लाख. तीन, उद्देश. जीव वाचवणे आणि तातडीचा दिलासा यांसाठी हा निधी आहे, नुकसान भरून देण्यासाठी नाही.

दरांची ही अट फार महत्त्वाची आहे. राज्याने दर वाढवले किंवा तिसऱ्या हेक्टरलाही मदत द्यायचे ठरवले तर वरची सगळी रक्कम राज्याच्या स्वतःच्या तरतुदीतून येते. अशा वेळी तहसीलदाराला एकाच शेतकऱ्याच्या मदतीसाठी दोन लेखाशीर्षांवर निधी मिळू शकतो, आणि एकावर आला पण दुसऱ्यावर अजून नाही ही तक्रार तिथून निघते. सगळी रक्कम प्रतिसाद निधीच्या शीर्षावर टाकून वेळ मारून नेणे सोपे वाटते. पण लेखापरीक्षणात निकषाबाहेरची रक्कम अमान्य झाली की ती पुन्हा निधीत भरावी लागते, आणि त्यासाठी नवी तरतूद लागते ती वेगळीच.

राज्याचा निधी पुरणार नसेल तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्याच कलम ४६ खालच्या राष्ट्रीय निधीकडे जाता येते. राज्याचे निवेदन, केंद्रीय पथकाची पाहणी, राष्ट्रीय कार्यकारी समितीची उपसमिती आणि शेवटी गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती असा तो क्रम आहे. मंजूर रकमेतून राज्याच्या निधीतल्या आरंभीच्या शिलकीची ५० टक्के रक्कम वळती करून घेतात. म्हणून ‘केंद्राने इतके मंजूर केले’ आणि ‘राज्याला इतके मिळाले’ हे आकडे सहसा जुळत नाहीत. तातडीच्या पैशासाठी या वाटेवर विसंबून राहू नये.

दुसरी वाट: पुनर्विनियोजन

एकाच मागणीत एका शीर्षावर बचत आणि दुसऱ्यावर तूट असेल तर विभाग वित्त विभागाच्या मान्यतेने रक्कम वळवू शकतो. चार कुंपणे ओलांडता येत नाहीत: एका मागणीतून दुसरीकडे नाही, महसुलीतून भांडवलीकडे नाही, दत्तमतातून (विधानसभा ज्यावर मत देते त्या खर्चातून) भारितकडे (ज्यावर मतदान होत नाही त्याकडे) नाही आणि विधिमंडळाने कधीच न पाहिलेल्या नव्या बाबीसाठी नाही. बांधकाम विभागाची बचत मदत व पुनर्वसनाकडे वळवण्याची मागणी दर आपत्तीत होते. ती अधिवेशनाशिवाय शक्यच नाही. नव्या बाबीसाठी त्याच मागणीत बचत असेल तर १,००० रुपयांसारखी नाममात्र रक्कम मागणारी लाक्षणिक पुरवणी मागणी मांडतात. विधिमंडळाची मान्यता त्या बाबीला हवी असते, पैसे आधीचेच वापरायचे असतात. हजार रुपयांची मागणी छापलेली पाहून लोक हसतात, पण तिच्याशिवाय तो खर्च अनधिकृत ठरला असता.

तिसरी वाट: आकस्मिकता निधी

खरा प्रश्न इथला आहे. कलम २६७(२) राज्य विधिमंडळाला कायद्याने असा निधी उभारू देते आणि तो राज्यपालांच्या हाती ठेवला जातो. महाराष्ट्रात त्यासाठी १९५६ चा अधिनियम आहे. निधीचा स्थायी आकार १५० कोटी रुपये. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता, म्हणजे दर १०० रुपयांच्या खर्चामागे इथे साधारण २ पैसे ठेवलेले आहेत. केंद्राने आपला निधी २००५ मध्ये ५० वरून ५०० कोटी आणि २०२१ च्या वित्त अधिनियमाने एकदम ३०,००० कोटींवर नेला. महाराष्ट्राने तसे केलेले नाही. ते बरेच झाले असे माझे मत आहे, पण त्याकडे नंतर येतो.

निधीतून मिळते ते अग्रिम, म्हणजे पुढे परत भरायची उचल, अनुदान नव्हे. प्रशासकीय विभागाने वित्त विभागाकडे प्रस्ताव पाठवायचा आणि त्यात पाच गोष्टी स्पष्ट लिहायच्या: खर्च कशाचा, तो अर्थसंकल्पात का धरता आला नाही, पुढच्या अधिवेशनापर्यंत का थांबता येत नाही, रक्कम किती (आवर्ती असेल तर पूर्ण वर्षाचा भार किती), आणि पुढे पुरवणी मागणी कोणत्या मागणीखाली, कोणत्या शीर्षावर घेणार. प्रस्ताव परत येतात ते सहसा तिसऱ्या मुद्द्यावर. ‘बाब तातडीची आहे’ एवढे लिहून भागत नाही. अमुक तारखेपर्यंत पैसे न मिळाल्यास काय बिघडेल, हे लिहावे लागते. अधिवेशन चालू असेल किंवा आठवड्यावर आले असेल तर वित्त विभाग आधी विचारतो की हे पुरवणीतच का नको, आणि ते विचारणे रास्त आहे.

मंजुरीच्या आदेशाची प्रत महालेखापालांकडे (राज्याचे हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) जाते, कारण खर्च नेहमीच्या शीर्षावर न पडता ८००० या आकस्मिकता निधीच्या शीर्षाखाली पडायला हवा. देयकावर तसा स्पष्ट उल्लेख हवा. तो राहिला तर रक्कम थेट विभागाच्या मागणीवर पडते, तिथे तरतूद नसल्यामुळे जादा खर्च दिसतो आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहार वर्षभर चालतो.

लगतच्या अधिवेशनात पुरवणी मागणी मांडायची, विनियोजन अधिनियम झाला की खर्च मूळ शीर्षावर फिरवायचा आणि निधी पुन्हा पूर्ण करायचा. यालाच प्रतिपूर्ती म्हणतात. ती लांबली की पुढच्या आपत्तीला निधी रिकामा सापडतो. फेब्रुवारी-मार्चमधल्या अग्रिमांत हा धोका सर्वांत जास्त, कारण शेवटच्या पुरवणी मागण्या छापून झाल्या असतील तर प्रतिपूर्ती पुढच्या आर्थिक वर्षात जाते आणि ३१ मार्चला निधी अपुरा दिसतो. महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) राज्य वित्तविषयक अहवालात यासाठी वेगळी टिप्पणी असते.

आता मोठ्या आपत्तीचे पाहू. १५० कोटींच्या निधीतून हजारो कोटी कसे निघतात? त्यासाठी निधीची मर्यादाच तात्पुरती वाढवतात. अधिवेशन नसेल तर कलम २१३ खाली अध्यादेश काढून ‘अमुक कोटींनी तात्पुरती वाढ’ केली जाते. नोव्हेंबर २०१९ हे त्यातले सर्वांना आठवणारे उदाहरण. अवकाळी पावसाने खरीप गेला होता आणि राज्यात १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० आणि बहुवार्षिक फळबागांसाठी १८,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली. तेव्हाचा कोरडवाहूचा केंद्रीय दर ६,८०० होता, म्हणजे हेक्टरी १,२०० रुपयांचा फरक राज्याच्या माथी. राजवट उठल्यानंतर २५ नोव्हेंबरला आकस्मिकता निधीतून ५,३८० कोटी देण्यास मान्यता दिल्याचे मुख्यमंत्री कार्यालयाने सांगितले. स्थायी निधीच्या जवळजवळ ३६ पट ही रक्कम. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तेव्हा तीन आठवड्यांवर होते.

अध्यादेशाची मुदत अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे. तेवढ्यात त्याचे अधिनियमात रूपांतर व्हावे लागते किंवा गरज संपून मर्यादा मूळ पदावर यावी लागते. या वाटेवर आक्षेप घ्यायला जागा आहे. ‘आकस्मिक’ खर्चाचा निधी हवा तेवढा फुगवता येत असेल तर मर्यादेला अर्थ काय राहिला? तरीही केंद्रासारखा कायमचा मोठा निधी करण्यापेक्षा मला ही पद्धत बरी वाटते. प्रत्येक मोठ्या खर्चासाठी वेगळा अध्यादेश काढावा लागतो, तो राजपत्रात छापला जातो, सभागृहात पटलावर येतो आणि त्याला विरोध करता येतो. कायमचा मोठा निधी असला की यातले काहीच घडत नाही. गैरवापर होतो तो दुसऱ्या टोकाला. जी योजना महिनाभर आधी जाहीर झाली आहे तिच्यासाठीही आकस्मिकता निधीतून अग्रिम मागितले जाते. जाहीर झालेली योजना अकल्पित कशी ठरेल?

राष्ट्रपती राजवट असेल तर

कलम ३५६ लागू असताना विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे जातात. लोकसभेचे अधिवेशन चालू नसेल तर कलम ३५७(१)(ग) खाली राष्ट्रपती राज्याच्या एकत्रित निधीतून खर्चाला अधिकृत करू शकतात, संसदेच्या पुढील मंजुरीच्या अधीन राहून. ही वाट क्वचितच लागते.

पुरवणी मागण्या: नियम एक, व्यवहार दुसरा

कलम २०५(१)(क) दोनच प्रसंगी पुरवणी मागणीची मुभा देते: मंजूर रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पात नसलेल्या नव्या सेवेची गरज त्याच वर्षात निर्माण झाली. राज्यपालांची शिफारस लागते. मतदान फक्त विधानसभेत होते. परिषदेत चर्चा होते आणि विनियोजन विधेयक तिच्याकडे जास्तीत जास्त १४ दिवस राहू शकते. कर्जावरचे व्याज, न्यायालयीन हुकूमनाम्यांच्या रकमा अशा भारित खर्चावर विधानसभेतही मतदान होत नाही.

महाराष्ट्रात वर्षाला तीनदा पुरवणी मागण्या येतात: पावसाळी, हिवाळी आणि मार्च. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी, डिसेंबर २०२४ मध्ये ३५,७८८ कोटी आणि मार्च २०२५ मध्ये ६,४८६ कोटी. डिसेंबर २०२५ मध्ये ७५,२८६ कोटी. यातला आपत्तीचा भाग वेगळा काढून वाचावा लागतो. जुलै २०२४ च्या रकमेत सर्वांत मोठी बाब होती २५,००० कोटींची लाडकी बहीण योजना. तिचा पुराशी काही संबंध नव्हता. मूळ अर्थसंकल्प पंधरवड्यापूर्वीच, २८ जून २०२४ ला, मांडला गेला होता. कलम २०५ मधला ‘अपुरी पडली’ हा निकष अशा वेळी किती ताणला जातो ते यावरून दिसते. त्यात दरवर्षी काही विभाग मूळ तरतूदही खर्च करू शकत नाहीत आणि तरी पुरवणी घेतात. महालेखापरीक्षक अशा पुरवणीला अनावश्यक म्हणतात. कारण प्रशासकीय आहे. चारमाही आणि आठमाही सुधारित अंदाज वेळेवर व प्रामाणिकपणे गेले तर बचत डिसेंबरपूर्वी कळते. पण बचत दाखवली की पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाईल या भीतीने ती ३१ मार्चपर्यंत धरून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी समर्पित, म्हणजे सरकारला परत, करतात. तोवर ती कुणाच्याच उपयोगाची उरलेली नसते.

कलम २०६ मध्ये लेखानुदानाखेरीज (पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या तात्पुरत्या मंजुरीखेरीज) दोन गोष्टी आहेत: खर्चाचे स्वरूप किंवा व्याप्ती आधी सांगता येत नसेल तेव्हाचे प्रत्ययानुदान, आणि नेहमीच्या सेवांचा भाग नसलेले अपवादात्मक अनुदान. महापूर किंवा साथीसाठी प्रत्ययानुदान तर्काने अगदी चपखल बसते, पण सरकारे पुरवणीवरच भागवतात. पुरवणीत तपशील देता येतो, प्रत्ययानुदान म्हणजे रकमेपुरता कोरा धनादेश. विरोधी पक्ष तो सहजी देणार नाही, देऊही नये.

आता ३ टक्के

वरचे सगळे अधिकाराबद्दल झाले. मर्यादा हा वेगळा कायदा. महाराष्ट्राचा राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम २००५ चा आहे आणि राजकोषीय तूट (कर्ज सोडून इतर जमेपेक्षा जास्त झालेला खर्च) स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांत ठेवणे हे त्यातले सर्वाधिक चर्चेतले बंधन. ते मोडले तर कुणाला शिक्षा होत नाही. दात आहेत ते संविधानाच्या कलम २९३(३) ला. केंद्राचे कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते, आणि केंद्र दरवर्षी निव्वळ कर्जमर्यादा ठरवूनच ती देते. राज्याने स्वतःचा कायदा शिथिल केला तरी केंद्राने मर्यादा वाढवली नाही तर उपयोग शून्य.

आकडे घालून पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी दाखवली होती, राज्य उत्पन्नाच्या २.८ टक्क्यांच्या आत. म्हणजे ३ टक्क्यांपर्यंत उरलेली जागा साधारण १० ते १२ हजार कोटींची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मग मर्यादा मोडली का? घोषणेवरून ते ठरत नाही. पॅकेजमध्ये पीकनुकसानीच्या थेट मदतीबरोबर पीकविमा, रोजगार हमीतून जमीन दुरुस्ती आणि पायाभूत सुविधांची कामे धरलेली होती. विम्याचे पैसे कंपन्यांकडून येतात, रोजगार हमीत केंद्राचा वाटा असतो, कामे दोन-तीन वर्षे चालतात, आणि प्रतिसाद निधीतल्या खर्चाची तरतूद आधीच झालेली असते. तूट वाढते ती फक्त त्याच वर्षी राज्याच्या खिशातून जाणाऱ्या नव्या रकमेने, आणि तीही इतरत्र कात्री लागली नाही तरच.

ही कात्रीच खरा उपाय असतो, फक्त तिची बातमी होत नाही. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय पाहा. वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामे सुरू करायची नाहीत, नोकरभरती बंद. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा आणि मदत व पुनर्वसन यांना प्राधान्य. विधानसभेने मंजूर केलेल्या रकमा त्या निर्णयाने कमी झाल्या नाहीत, पण बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित झाल्याच नाहीत. मंजुरी ही खर्चाची कमाल मर्यादा असते, ती खर्च करण्याची सक्ती करत नाही.

त्याच वर्षी केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा ३ वरून ५ टक्के केली. वाढीव २ टक्क्यांतला अर्धा टक्का विनाअट होता. १ टक्का चार सुधारणांना प्रत्येकी पाव टक्का असा बांधला होता: एक देश एक शिधापत्रिका, व्यवसायसुलभता, नागरी स्थानिक संस्था आणि वीज वितरण. चारपैकी तीन पूर्ण केल्या तर उरलेला अर्धा. राज्यांना त्यासाठी आपापल्या कायद्यांत दुरुस्त्या कराव्या लागल्या.

केंद्राच्या २००३ च्या कायद्यात सुटकेचे कलम अधिक नेमके आहे. राष्ट्रीय सुरक्षा, युद्ध, राष्ट्रीय आपत्ती, शेतीचे कोसळणे, दूरगामी रचनात्मक सुधारणा, किंवा एखाद्या तिमाहीत वास्तविक वाढ आधीच्या चार तिमाहींच्या सरासरीपेक्षा किमान ३ टक्के बिंदूंनी खाली जाणे. यांपैकी काही घडले तर लक्ष्यापासून वर्षात ०.५ टक्क्यापर्यंत ढळता येते आणि परतीचा मार्ग संसदेला लेखी सांगावा लागतो. २०१९-२० च्या सुधारित अंदाजात ३.३ चे ३.८ आणि २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात ३ चे ३.५ याच आधारावर केले. मग कोविड आला आणि २०२०-२१ ची तूट ९.२ टक्क्यांवर गेली. अर्ध्या टक्क्याचे कुंपण सौम्य मंदीसाठी होते, एवढ्या मोठ्या धक्क्याचा विचार करून ते घातलेलेच नव्हते.

रोकडीबद्दल एकच गोष्ट. राज्याला रिझर्व्ह बँकेकडून अर्थोपाय अग्रिम, म्हणजे थोड्या दिवसांची उचल, मिळते आणि तेही संपले की अधिकर्ष (ओव्हरड्राफ्ट). अधिकर्ष सलग १४ कामकाजाच्या दिवसांपलीकडे गेला तर बँक राज्याची देयके थांबवते. एप्रिल २०२० मध्ये ही मुदत २१ दिवस केली होती. ही सोय आठवड्यांच्या चणचणीसाठी आहे, आपत्तीच्या खर्चासाठी नाही.

बिघडते कुठे

मंजुरीच्या टप्प्यावर कमी, नंतर जास्त. आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढून वाटणारा अधिकारी) संक्षिप्त देयकावर, म्हणजे पावत्या न जोडता, पैसे उचलतो. तपशीलवार देयक प्रमाणकांसह (पावत्यांसह) एका महिन्यात महालेखापालांकडे जायला हवे. पुराच्या धामधुमीत चारा, बोटी, तात्पुरत्या निवाऱ्याची जेवणे यांच्या पावत्या गोळा होत नाहीत, अधिकारी बदलून जातो, आणि ती रक्कम वर्षानुवर्षे प्रलंबित दिसत राहते.

यावर कायद्यातच एक उत्तर आहे आणि ते पुरेसे वापरले जात नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५० नुसार बचाव किंवा मदतीसाठी तातडीची खरेदी गरजेची असल्याची खात्री पटल्यास राज्य किंवा जिल्हा प्राधिकरण विभागाला तशी परवानगी देऊ शकते. मग निविदेची नेहमीची पद्धत माफ समजली जाते, आणि प्राधिकरणाने प्राधिकृत केलेल्या नियंत्रण अधिकाऱ्याचे वापराचे प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक ठरते. अट ही की प्राधिकरणाचा आदेश खरेदीआधीचा हवा. खरेदी झाल्यावर मागच्या तारखेने काढलेला आदेश परीक्षणात टिकत नाही. दुसरे म्हणजे कलमातले शब्द बचाव आणि मदत एवढेच आहेत. वाहून गेलेला पूल सहा महिन्यांनी बांधताना निविदेविना काम देण्यासाठी ते पुढे करता येत नाही, तरी केले जाते.

शेवटची अडचण जादा खर्चाची. वर्षअखेर एखाद्या मागणीत मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर कलम २०५(१)(ख) खाली तो नियमित करून घ्यावा लागतो. महालेखापरीक्षकांचा विनियोजन लेखे अहवाल, लोकलेखा समितीची तपासणी व शिफारस, मग विधानसभेत अधिक अनुदानाची मागणी, असा तो प्रवास. समितीला विभागांची स्पष्टीकरणे वेळेवर मिळत नसल्याने तो अनेक वर्षे लांबतो. विभागाने दरमहा महालेखापालांशी खर्चमेळ घेतला तर अर्धे जादा खर्च तिथेच विरघळतात, कारण बरेचदा तो चुकीच्या शीर्षावर पडलेला खर्च किंवा राहून गेलेली निधीची वजावटीची नोंद असते.

एखादी मदत यांपैकी नेमक्या कोणत्या वाटेने गेली हे पाहायचे असेल तर शासन निर्णयाचा शेवटचा भाग वाचा. तिथे मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष असते, आकस्मिकता निधीतले अग्रिम असेल तर तसा उल्लेख असतो, आणि वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक व दिनांक असतो. ही ओळ नसलेला निर्णय म्हणजे अजून फक्त प्रशासकीय मान्यता. निधी वितरणाचा वेगळा निर्णय निघेपर्यंत तहसीलदाराच्या बीम्स खात्यावर काहीही दिसणार नाही.